न्हाणीच्या दाराखालची फट

आमच्या न्हाणीचं दार खालून वीतभर कापलेलं आहे. पहिल्यांदा घरी आलेला पाहुणा हातपाय धुवायला गेला, की बाहेर येऊन हमखास विचारतो, उंदरांनी कुरतडलं काय हो? काही शहाणे तर चांगल्या सुताराचा पत्ता देऊन जातात. मी सगळ्यांना एकच सांगते, बाबांनो, बसा, चहा घ्या, पण दाराला नावं ठेवू नका. माझी थोरली लेक सुनी आज सुखानं नांदतीये ती त्या फटीच्या पुण्याईवर. आणि ज्या माणसानं माझ्या नाकावर टिच्चून ती फट पाडली, त्याला मी जितक्या शिव्या घातल्यात तितक्या आमच्या भाऊबंदांनाही घातल्या नसतील. मी तोंडाची पहिल्यापासून फटकळ. आता मात्र सांजेला दिवा लावताना त्या माणसाची आठवण काढल्याशिवाय माझा हात जोडला जात नाही.

तो माणूस म्हणजे साहेब. ते शिरूरच्या नगरपालिकेत बांधकामाकडं ओव्हरसियर होते. कुणी घर बांधो, दुकान काढो की हाटेल टाको, नकाशा पास होण्यापासून शेवटच्या दाखल्यापर्यंत गाठ त्यांच्याशीच. राहणारे दौंडचे. सोमवारी सकाळच्या एसटीनं यायचे, आठवडाभर इथं खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी परत जायचे. आमचे हे तेव्हा दौंडच्या गाडीवर ड्रायव्हर होते, त्यामुळं साहेबांची कीर्ती साहेबांच्या आधीच आमच्या घरात येऊन बसली होती. थंडीच्या दिवसांत सगळी गाडी मफलर-कानटोप्यांत गुरफटलेली, काचा गच्च लावलेल्या, आणि हा बाबा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून खिडकी सताड उघडायचा. मागची माणसं ओरडायची. कुणी बाई मांडीवरचं लेकरू दाखवायची, तर साहेब आपली शाल काढून त्या लेकराला पांघरायचे, पण खिडकी लावायचे नाहीत. एवढी माणसं एकमेकांनी सोडलेली हवा पिऊन चाललीत, म्हणायचे, गाडीला एक तरी भोक नको का? शेवटी कंडक्टरनं ती खिडकी त्यांच्या नावावर करून टाकली. गाडीत जागा नसली तरी त्या खिडकीशी कुणी बसायचं नाही, कोण मरतंय गारठून.

दिसायला उंच, काठीसारखे. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि खिशात पेनाशेजारी उदबत्तीचा पुडा. हो, उदबत्तीचा. बिडी-सिगारेट कधी ओढली नाही, पण काड्यापेटी कायम जवळ. जिथं म्हणून जाळ होणार, म्हणजे भट्टी, चूल, शेगडी, बंब, तिथली परवानगी देण्याआधी साहेब उदबत्ती पेटवायचे आणि धूर कुठं जातो ते बघत बसायचे. धूर सरळ बाहेर गेला तर सही. आतल्या आत घुटमळला तर भिंतीला भोक पाडा, धुराडं उंच करा, मग बोलवा. माणूस खोटं बोलंल, नकाशा खोटं बोलंल, धूर खोटं बोलत न्हाई, हे त्यांचं पालुपद.

एसटी स्टँडजवळ एकानं भजी-मिसळीचं हाटेल काढलं, तेव्हाची गोष्ट गावात अजून सांगतात. साहेब पाहणीला गेले आणि उदबत्ती काढून पेटवली. हाटेलवाल्याला वाटलं, साहेब मोठे देवभक्त दिसतात. त्यानं पळत जाऊन गणपतीचा फोटो आणला, नारळ आणला, बायकोला घंटी वाजवायला उभी केली. साहेबांचं तिकडं लक्षच नाही. ते भट्टीपुढं उकिडवे बसलेले. धूर धुराड्याकडं जायचा सोडून मागं वळला आणि थेट गणपतीच्या फोटोपुढं जाऊन रेंगाळला. हाटेलवाल्यानं गहिवरून हात जोडले. साहेब उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, देव पावला, पण भट्टी पास न्हाई. शेजारच्या माडीच्या वर धुराडं नेल्यावरच त्याला परवानगी मिळाली. पण तेव्हापासून लोकांनी एक खूणगाठ बांधली, उदबत्तीसाहेब पाहणीला येणार म्हटल्यावर नारळ आणून ठेवायचाच. साहेबांनी किती सांगितलं तरी नारळ काही बंद झाले नाहीत.

उन्हाळ्यात त्यांची दुसरी तऱ्हा. बाजारपेठेतल्या कापडवाल्यांनी दुकानांवर कूलर टांगले होते, तेही रस्त्यावर पुढं काढून. खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर टपटप पाणी. रस्त्यावर लोकांच्या डोक्यावर काही टांगायचं नाही आणि पाण्याला नळी लावून ते गटारात सोडायचं, असा नियम होता. नोटिसा दिल्या, तर त्या नोटिसांनी दुकानदारांनी वारा घेतला. मग साहेब ऐन वैशाखात छत्री घेऊन निघाले. ज्या कूलरखाली थेंब पडेल तिथं छत्री उघडून उभे राहायचे. गिऱ्हाईक यायचं, बघायचं, हसायचं. दुकानदार लाजून बाहेर यायचा आणि म्हणायचा, साहेब, पाऊस कुठाय? साहेब म्हणायचे, तुमच्या दारात. आणि तो नळी आणायला माणूस पाठवेपर्यंत जागचे हलायचे नाहीत. बघ्यांची ही गर्दी जमायची. एका आठवड्यात सगळ्या बाजारात नळ्या लागल्या.

आणि माणूस चहाला शिवायचा नाही. म्हणजे चहा प्यायचे, पण स्वतःच्या खोलीवर, स्वतः केलेला. कामाला गेले की ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाण्याची बाटली बरोबर. दाखल्याआधीचा चहा म्हणजे लाच आणि दाखल्यानंतरचा चहा म्हणजे उपकार, असा त्यांचा हिशोब. आमच्याकडं दारी आलेलं माणूस चहा न घेता गेलं तर अपमान वाटतो. साहेब गावातल्या निम्म्या घरांचा अपमान करून बसले होते.

आता आमच्या दाराचं. यांची नोकरी संपत आली होती. रांजणगावला कंपन्या आल्यामुळं शिरूरात भाड्याच्या खोल्यांना मागणी वाढली होती. म्हणून आम्ही घरामागं, अंगणापलीकडं खोल्यांची एक ओळ बांधली. अंगणाच्या कडेला दोन न्हाण्या, एक आमची, एक भाडेकरूंची. दोन्हींत हौसेनं गॅसचे गिझर बसवले. तेव्हा ते नवीनच निघाले होते. नळ सोडला की भक्कन पेटायचा आणि कढत पाणी. मला तर त्याचं इतकं कौतुक, की शेजारणींना बोलावून नुसतं पेटवून दाखवायची. कंपनीतली कुटुंबं सामान बांधून बसली होती. पण साहेबांच्या दाखल्याशिवाय विजेचं मीटर मिळेना आणि मीटरशिवाय कुणी राहायला येईना. आमची सगळी पुंजी त्या विटांत गाडलेली, पेन्शन ती केवढीशी. रात्रंदिवस एकच घोर.

साहेब आले. मी नारळ ठेवलाच होता, त्याला हात लावला नाही. खोलीखोलीतून उदबत्ती फिरली. मग मला विचारलं, वहिनी, घरातली बाळंतपणं कुठल्या खोलीत होणार? यांच्या ओळखीमुळं ते मला वहिनी म्हणत. पण बाळंतपणाची चौकशी परक्या पुरुषानं करायची? मी पदर तोंडाला लावला. त्यांना त्याचं काही नाही. बाळंतिणीच्या खोलीत खाटेखाली शेगडी ठेवून दारं-खिडक्या लावून घेता तुम्ही बायका, म्हणाले. शेगडी अंगणात फुलवायची, निखारा लाल झाला की आत न्यायची आणि शेक झाला की बाहेर. हे काही नगरपालिकेच्या कायद्यात नव्हतं. हे साहेबांच्या कायद्यात होतं.

मग न्हाणीत गेले. वर झरोका होता, तो त्यांनी बघितला. गिझरकडं बोट करून म्हणाले, हा बंबच हाय वहिनी, भिंतीला टांगलेला. धूर दिसत न्हाई एवढंच. आपल्या सासवा बंब अंगणात पेटवायच्या, त्या काय येड्या होत्या? वरच्या झरोक्यावर त्यांचा भरवसा नव्हता. वरचं भोक बायका बोळ्यानं बुजवतात, खालून हवा यायलाच पाहिजे, म्हणाले. आणि निकाल दिला, दोन्ही दारं खालून वीतभर कापा. दार बाहेर उघडणारं करा. लोखंडी कडी काढून नाजूक कडी बसवा, बाहेरून एका हिसक्यात तुटंल अशी. दाखला त्यानंतर.

माझं डोकं फिरलं. नवी कोरी दारं, अजून रंगाचा वास गेला नव्हता. आमच्या यांच्या आत्याबाई तळेगाव ढमढेऱ्याहून आल्या होत्या, त्यांनी तर कपाळावर हात मारला. बाई न्हाणार आणि अंगणातल्या माणसाला खालून तिचे पाय दिसणार! कुळाची अब्रू उंबऱ्यापाशीच वाहून जायची. हे पडले ड्रायव्हर माणूस, सगळ्यांना वाट देणारा. मग मीच पदर खोचला आणि नगरपालिकेत गेले. टेबलासमोर उभी राहून जे तोंडाला येईल ते बोलले. अख्खं हाफीस काम टाकून ऐकत होतं. साहेब बाटलीतलं पाणी पीत शांत बसले होते. माझं संपल्यावर म्हणाले, "झालं?"

"न्हाई झालं," मी म्हटलं. "फटीतनं बाईमाणसाचे पाय दिसत्यात. तुमच्या घरात चालंल का?"

"दिसू द्या," साहेब म्हणाले. "पाय दिसले म्हंजी माणूस उभं हाय, एवढं तरी बाहेरच्याला कळतं."

मी म्हटलं, आणि नाजूक कडी तोडून चोर शिरला तर? ते म्हणाले, न्हाणीत चोरायला काय असतं वहिनी, साबण? बाजूचा कारकून फिस्सकन हसला आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण अडला हरी. सुतार बोलावला, दारं कापली, कड्या बदलल्या. दाखला मिळाला, मीटर आलं, खोल्या भरल्या. त्या दाराकडं बघून मी रोज सकाळी साहेबांच्या नावानं बोटं मोडायची. भाडेकरणींनी आठवडाभर कुरकुर केली आणि मग त्यांना सवय झाली. मला काही झाली नाही.

पुढं साहेब रिटायर होऊन कायमचे दौंडला गेले. त्याच वर्षी थंडीत सुनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. आत्याबाई बाळंतीण सांभाळायला परत आल्या. बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही, हा त्यांचा वेद. रोज सकाळी तेल चोळून कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं, डोक्याला-कानाला बांधायचं आणि मग शेक. साहेबांचा कायदा मी तेवढा पाळायची, शेगडी अंगणात फुलवायची. खरं सांगायचं तर कायद्याच्या धाकानं नाही, नव्या भिंती काळ्या होऊ नयेत म्हणून.

त्या सकाळी गारठा मी म्हणत होता. आत्याबाईंनी बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घातलं, दुपट्यात गुंडाळलं आणि त्या घरात गेल्या. सुनी म्हणाली, आता माझं मी घेते पाणी. दार लावून घेतलं. गिझर चालू. मी न्हाणीसमोर अंगणात उकिडवी बसून शेगडीला फुंकर घालत होते. कोळसे ओलसर होते, पेटेनात. फुंकर घालायला खाली वाकलं, की दाराच्या फटीतून सुनीच्या टाचा दिसत होत्या, आणि त्यावरून ओघळणारं पाणी. डोळ्यांत राख गेली म्हणून मी पदरानं डोळे पुसले. परत वाकले, तर टाचा नाहीत. फटीतून बाहेर बोटं आली होती. चार बोटं, फरशीवर पालथी पडलेली. त्यावरून पाणी वाहत होतं आणि ती हलत नव्हती.

सुने, म्हणून मी कशी ओरडले ते मला आठवत नाही. दार धरून हिसका दिला, कडी तुटून माझ्याच हातात आली. दार बाहेर उघडलं म्हणून बरं, आत उघडणारं असतं तर तिच्या अंगालाच अडलं असतं. पोर दाराशी आडवी, तोंड अगदी फटीला लागलेलं. मी आणि एका भाडेकरणीनं तिला ओढून अंगणात घेतलं. आत्याबाईंनी घोंगडं टाकलं. उघड्यावर वारा लागत होता आणि त्या दिवशी आत्याबाईसुद्धा वाऱ्याबद्दल काही बोलल्या नाहीत. रिक्षानं दवाखान्यात नेलं, नाकाला ऑक्सिजनची नळी लावली. सुनी डोळे उघडून पहिलं काय म्हणाली, तर डोकं लई दुखतंय गं आई. मी तिथंच फतकल मारून रडले.

डॉक्टरांनी विचारलं, न्हाणीला झरोका न्हाई का? मी म्हटलं, आहे की. घरी येऊन बघते, तर झरोक्यात घोंगडीचा बोळा. आत्याबाईंनी काठीनं वर ढकलून कोंबला होता, दोन दिवसांपूर्वीच. बाळंतिणीला गार वारं लागंल म्हणून. बिचारीनं चांगल्यासाठीच केलं होतं. मग तीच दोन दिवस जेवली नाही. डॉक्टर म्हणाले होते, गिझरनं आतली हवा विषारी झाली होती. खाली पडल्यावर पोरीला फटीतून बाहेरची हवा मिळाली आणि तुम्ही वेळेत बघितलं, म्हणून हाताला लागली. फट नसती तर ती निवांत न्हातीये असं समजून मी कोळसे फुंकत बसले असते.

हे अजून दौंडच्या गाडीवरच होते. सुनी घरी आली त्या दिवशी मी यांच्याजवळ पेढ्याचा पुडा दिला, दौंडला साहेबांच्या घरी पोचवा म्हटलं. संध्याकाळी पुडा तसाच परत आला. माझा चेहराच पडला. हे म्हणाले, साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, एकच विचारलं, बोळा काढला का? आणि उद्या गाडीला जागा ठेवा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साहेब दारात. तोच शर्ट, तीच बाटली. बाळ-बाळंतिणीकडं नजर नाही, थेट न्हाणीत. खिशातून उदबत्ती निघाली. गिझर पेटवला, दार लावून घेतलं, आणि आम्ही सगळ्या बाहेर उभ्या. फटीतून साहेबांचे पाय दिसत होते. बऱ्याच वेळानं बाहेर आले आणि म्हणाले, वरच्या झरोक्याला जाळी बसवा, बोळा जाणार न्हाई अशी. आणि बाळंतीण उठेपर्यंत गिझर बंद, अंगणातल्या बंबाचं पाणी बादलीनं आत न्या. आत्याबाई पुढं आल्या आणि त्यांच्या पाया पडायला वाकल्या. तसे साहेब गडबडून दोन पावलं मागं सरले. "मावशी, तुम्ही एकट्या न्हाई," ते म्हणाले. "समद्या शिरूरच्या झरोक्यांत बोळे हायेत. म्हणून तर दारं कापत फिरलो."

मला किती दिवसांचं एक विचारायचं होतं. गावात बोलवा होती, की साहेबांच्या घरातलं कुणीतरी असंच कोंडून गेलं असणार, उगाच माणूस इतका मागं लागत नाही. मी धीर करून विचारलं, साहेब, तुमच्या घरी कधी असं काही...?

साहेबांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी वेड्यासारखं काहीतरी विचारलंय. "न्हाई बा. समदी खुशाल हायेत," ते म्हणाले. "घरातलं माणूस गेल्याशिवाय नियम पाळायचाच न्हाई का, वहिनी?"

साहेब ओट्यावर टेकले, बाटली बाजूला ठेवली. आणि दुसरीकडंच बघत म्हणाले, "वहिनी, आता च्या टाका. आता माझी सही कुठं चालत न्हाई."

आयुष्यात इतका गोड चहा मी केला नसेल. साखर दोनदा पडली असणार, कारण आत्याबाईंनी तोंड वाकडं केलं. साहेबांनी बशीत ओतून सगळा प्यायला आणि कप पालथा घातला. मग सुनीनं बाळ आणून त्यांच्या मांडीवर दिलं. त्यांना ते धरता येईना. उदबत्तीचा वास येणाऱ्या हातांनी त्यांनी बाळाचं दुपटं नाकाजवळून जरा खाली ओढलं, तिला नीट श्वास घेता यावा म्हणून. पेढ्याचा पुडा या खेपेला घेऊन गेले.

साहेब आता नाहीत. म्हातारपणानं गेले, दौंडलाच, घरात, खिडकीजवळच्या खाटेवर. आम्ही दोघं गेलो होतो. त्यांच्या मुलानं सांगितलं, शेवटच्या थंडीतही बाबांनी खिडकी लावू दिली नाही. खोल्यांतले गिझर आम्ही कधीच काढले, आता गच्चीवरून सूर्याचं पाणी येतं. हे म्हणत होते, आता तरी नवं दार करू. मी म्हटलं, माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही. नवे भाडेकरू आले की मी स्वतः उदबत्ती घेऊन त्यांच्या खोलीत फिरते. त्यांना वाटतं, मालकीणबाई फार देवधर्माच्या. वाटू द्या.

सुनीची ती मुलगी आता शाळेत जाते. सुट्टीला आली की न्हाताना तिचा एक खेळ असतो. आत बसून फटीतून बोटं बाहेर काढते आणि वळवळ वळवळ हलवते. "आज्जी, वळख कुणाची बोटं?" म्हणून हाका मारते. हातात काहीही काम असो, मी ते टाकते, जाऊन फरशीवर बसते आणि ती ओली बोटं धरून ठेवते. मग तीच आतून ओरडते, आज्जी, सोड की आता, मला न्हायचंय.